घराशेजारचा मोबाइल टॉवर: नोटिशीपासून निकालापर्यंत

पत्र जेमतेम अर्ध्या पानाचं असतं. अमुक तारखेला संध्याकाळी ७ वाजता, गावाच्या प्लॅनिंग बोर्डासमोर, १५० फुटी वायरलेस टॉवरच्या स्पेशल यूज परमिटची (खास वापराच्या परवानगीची) जाहीर सुनावणी. खाली भूखंडाचा क्रमांक. अमेरिकेतल्या बऱ्याच गावांत हे पत्र प्रस्तावित जागेपासून ३०० किंवा ५०० फुटांच्या आत ज्यांच्या नावावर घर आहे, त्यांनाच जातं. भाडेकरूंना नाही, आणि पलीकडच्या टेकडीवर ज्यांच्या खिडकीतून तो टॉवर रोज दिसणार आहे त्यांनाही नाही. पत्र हातात पडतं तेव्हा सुनावणीला फार तर दोन-तीन आठवडे उरलेले असतात. कंपनीचं काम मात्र बरंच आधी सुरू झालेलं असतं. नकाशावर शोधवर्तुळ (टॉवरची जागा शोधायचा परिसर) आखून झालेलं असतं, जमीनमालकाशी भाडेकरार झालेला असतो, मातीची बोअरिंग झालेली असते, वकील ठरलेला असतो.

ही प्रक्रिया आम्ही काही शेजाऱ्यांनी पत्रापासून लेखी निकालापर्यंत पाहिली, आणि नंतर आसपासच्या गावांतल्या अशाच सुनावण्यांनाही बसलो. आमचं रामायण इथे सांगत नाही. पहिल्या दिवशी जे माहीत असायला हवं होतं, तेवढंच लिहितो. खरी अडचण अशी की शेजाऱ्यांना ज्या विषयावर सगळ्यांत जास्त बोलायचं असतं, त्यावर निर्णय द्यायचा बोर्डाला अधिकारच नसतो. आणि ज्यावर अधिकार असतो, त्याची तयारी करून कोणी येत नाही.

फेब्रुवारी १९९६ मध्ये टेलिकम्युनिकेशन्स अ‍ॅक्ट आला. त्याच्या कलम ७०४ ने टॉवर कुठे उभा राहावा हे ठरवण्याचा अधिकार गावांकडेच ठेवला, पण भोवती पाच कुंपणं घातली. सारखीच सेवा देणाऱ्या कंपन्यांमध्ये विनाकारण भेदभाव करायचा नाही. सेवा बंदच पडेल असा नियम किंवा निर्णय करायचा नाही. अर्जावर वाजवी मुदतीत निर्णय द्यायचा. नकार दिला तर तो लेखी हवा आणि रेकॉर्डवरच्या ठोस पुराव्यावर उभा हवा. आणि पाचवं, टॉवर एफसीसीच्या (अमेरिकेच्या केंद्रीय दूरसंचार नियामकाच्या) मर्यादा पाळत असेल, तर रेडिओलहरींच्या पर्यावरणीय परिणामांच्या आधारावर गावाला तो अडवता येत नाही. न्यायालयं या ‘पर्यावरणीय’मध्ये आरोग्यही धरतात.

या पाचव्या कुंपणाशीच बहुतेक सुनावण्या वाया जातात. चाळीस माणसं रांगेत उभी राहतात, प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात, आणि त्यातली पस्तीस रेडिएशनवर बोलतात. भीती खरी असते, तिची टिंगल करायचं कारण नाही. पण बोर्डाचा वकील सुरुवातीलाच सांगतो की हा मुद्दा विचारात घेता येणार नाही, आणि सांगूनही लोक बोलतच राहतात. नुकसान पुढे कळतं. बोर्डाने उंची आणि दृश्य ही कारणं देऊन नकार दिला, तरी अर्जदाराचा वकील फेडरल कोर्टात सुनावणीची प्रत उघडतो आणि म्हणतो, खरं कारण हे नाही, खरं कारण रेडिएशन आहे. रेकॉर्ड तसंच भरलेलं असतं. २०२१ मध्ये वॉशिंग्टन डीसीच्या अपील कोर्टाने एफसीसीला आपल्या जुन्या मर्यादांचं नीट स्पष्टीकरण द्यायला सांगितलं, हे बरेच जण छापून आणतात. पण त्या निकालाने मर्यादा रद्द झाल्या नाहीत. त्या लागू आहेत तोवर गावाचे हात बांधलेलेच राहतात.

या विषयात एक गोष्ट मात्र मागता येते, ती म्हणजे मर्यादा पाळल्या जातील याचा हिशोब. १५०० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींसाठी सर्वसामान्य लोकांची मर्यादा चौरस सेंटिमीटरला १ मिलिवॉट आहे. ३०० ते १५०० च्या पट्ट्यात ती फ्रिक्वेन्सीला १५०० ने भागून येते. म्हणजे ८५० मेगाहर्ट्झला साधारण ०.५७. अर्जदाराचा अहवाल सहसा जमिनीवरच्या माणसासाठी केलेला असतो आणि आकडा मर्यादेच्या अगदी थोड्या टक्क्यांत येतो. त्यात तीन गोष्टी तपासा. सगळे अँटेना पूर्ण क्षमतेवर धरलेत का, पुढे येणाऱ्या इतर कॅरिअरची (मोबाइल सेवा कंपन्यांची) बेरीज आहे का, आणि जवळच्या उतारावरच्या घराच्या वरच्या मजल्यासाठी वेगळा हिशोब आहे का. मग टॉवर सुरू झाल्यावर प्रत्यक्ष मोजणीचा अहवाल द्यावा, अशी अट मागा. तेवढं झालं की हा विषय मिटवा आणि पुढे चला.

पत्र आलं त्याच आठवड्यात टाउन हॉलमध्ये जाऊन संपूर्ण फाइल मागायची. वेबसाइटवर टाकलेले चार कागद पुरेसे नसतात. सार्वजनिक दस्तऐवजांचा कायदा प्रत्येक राज्यात आहे. न्यूयॉर्कमध्ये त्याला फॉइल म्हणतात, न्यू जर्सीत ओप्रा. फाइलमध्ये साइट प्लॅन, टॉवरचा उभा नकाशा, कव्हरेजचे नकाशे, पर्यायी जागांबद्दलचं शपथपत्र, फोटो सिम्युलेशन (टॉवर उभा राहिल्यावर कसा दिसेल ते दाखवणारे फोटो) आणि रेडिओलहरींचा अहवाल असायला हवा. भाडेकरारही असतो, पण रकमा काळ्या केलेल्या असतात. आम्ही सगळ्यांत आधी अर्जावरचा शिक्का आणि तारीख बघायला शिकलो, कारण घड्याळ तिथून चालू होतं.

हे घड्याळ म्हणजे एफसीसीने २००९ मध्ये घालून दिलेली मुदत, जिला सगळे ‘शॉट क्लॉक’ म्हणतात. अस्तित्वात असलेल्या टॉवरवर नवे अँटेना लावायचे असतील तर ९० दिवस, नवा टॉवर असेल तर १५०. या मुदतीत सुनावणी, सल्लागाराचा अहवाल, मतदान आणि लेखी ठराव, सगळं बसवायचं. अर्ज अपुरा असेल तर गावाने ३० दिवसांच्या आत लेखी कळवायचं, आणि कोणता कागद गावाच्या कोडच्या (स्थानिक नियमावलीच्या) कोणत्या कलमानुसार कमी आहे तेही सांगायचं. तसं कळवलं तर घड्याळ थांबतं. ३१ व्या दिवशी कळवलं तर थांबत नाही. लहान गावात प्लॅनिंग विभागात एक-दीड माणूस असतो, आणि हे ३० दिवस सर्रास निसटतात. म्हणून अर्जातल्या उणिवा शेजाऱ्यांनीच शोधून पहिल्या दोन आठवड्यांत पत्राने कळवल्या, तर त्याचा उपयोग होतो. नवव्या आठवड्यात तोच मुद्दा म्हणजे वरातीमागून घोडं. दोन्ही बाजूंच्या संमतीने मुदत लेखी वाढवता येते, आणि कंपन्या बऱ्याचदा तयारही होतात, कारण घाईत मिळालेला नकार त्यांनाही नको असतो. १५० दिवस उलटले म्हणून परवाना आपोआप मिळत नाही; अर्जदाराला कोर्टात जावं लागतं. कॅलिफोर्नियात मात्र २०१५ च्या राज्य कायद्यामुळे मुदत संपल्यावर अर्ज मंजूर झाल्याचं धरलं जाऊ शकतं. कनेक्टिकटमध्ये तर हे सगळंच वेगळं: तिथे टॉवरचा निर्णय गावाचं झोनिंग (जमिनीच्या वापराचे नियम पाहणारं) बोर्ड घेतच नाही, राज्याचं सायटिंग कौन्सिल घेतं.

आता ग्यानबाची मेख. बोर्ड १५० फुटांवर वाद घालतं आणि १५० फुटांना मंजुरी देतं. पण २०१२ च्या फेडरल कायद्यातल्या कलम ६४०९ प्रमाणे, उभ्या असलेल्या टॉवरमध्ये ‘मोठा नाही’ असा बदल गावाला नाकारताच येत नाही. रस्त्याच्या हद्दीबाहेरच्या टॉवरसाठी मोठा नाही म्हणजे किती? १० टक्के उंची, किंवा अँटेनांचा आणखी एक थर, जो आधीच्या थरापासून जास्तीत जास्त २० फुटांवर असेल. यातलं जे अधिक असेल ते. १५० चे १० टक्के १५ फूट. पण २० फूट अंतर आणि त्यावर ६ ते ८ फुटांचे अँटेना धरले तर १७६ ते १७८ फूट होतात. एवढी वाढ ६० दिवसांत मंजूर करावी लागते, आणि तेवढ्यात उत्तर दिलं नाही तर ती खरोखरच मंजूर झाल्याचं धरलं जातं. ही वाढ मूळ मंजूर उंचीवरून मोजतात, त्यामुळे दर वेळी नव्याने २८ फूट मिळत नाहीत. तरीही मतदानाच्या दिवशी बोर्डातल्या किती जणांना हे माहीत असतं, हा प्रश्न आम्हाला अजून पडतो.

यावर उपाय आधीच करावा लागतो. सेटबॅक (हद्दीपासूनचं अंतर) आणि दृश्याचा विचार वाढीव उंची धरून करावा, असं बोर्डाला लेखी सुचवा. फोटो सिम्युलेशन दोन्ही उंचींचं मागा. टॉवर पाइनच्या झाडासारखा, ध्वजस्तंभासारखा किंवा घंटाघरासारखा लपवलेला असेल, तर तो लपवणं हाच मंजुरीचा आधार आहे, असं मूळ ठरावात स्पष्ट शब्दांत यायला हवं. लपवण्याच्या रचनेवर पाणी फिरवणारा बदल कायद्याने मोठा बदल ठरतो. ठरावात ते वाक्य नसेल तर पाइनच्या शेंड्यावर उघडा लोखंडी दांडा आलेला बघावा लागतो.

उंचीबद्दल आणखी एक. २०० फुटांच्या वरच्या टॉवरची विमान वाहतूक खात्याकडे आणि एफसीसीकडे नोंद लागते, आणि साधारणपणे दिवे व रंगकामही लागतं. म्हणून देशभर १९५ आणि १९९ फुटांचे टॉवर इतके दिसतात. विमानतळ जवळ असेल तर कमी उंचीलाही नोंद लागू शकते.

सेटबॅक म्हणजे टॉवरपासून हद्दीपर्यंत सोडायचं अंतर. बऱ्याच कोडमध्ये ते टॉवरच्या उंचीइतकं किंवा त्याहून थोडं जास्त असतं. मोजणी टॉवरच्या बुंध्यापासून धरायची की कुंपण घातलेल्या आवारापासून, आणि शेजारच्या हद्दीपर्यंत धरायची की घरापर्यंत, हे कोडचं वाक्य शब्दशः वाचून ठरवा. साइट प्लॅनवर कधी भाड्याने घेतलेल्या तुकड्याची सीमा ठळक काढलेली असते आणि खरी मालमत्तेची हद्द पुसट. अंतर कमी पडत असेल तर अर्जदार इंजिनिअरचं पत्र जोडतो: मोनोपोल (एकखांबी टॉवर) अतिभाराखाली वरच्या भागात ठरलेल्या जागी दुमडेल, त्यामुळे तो ४० फुटांच्या वर्तुळातच पडेल. पत्र त्या राज्याचा परवाना असलेल्या इंजिनिअरच्या शिक्क्याचं आहे का, त्यात टॉवरच्या बांधणीच्या टीआयए-२२२ मानकाचा उल्लेख आहे का, आणि दुमडायची उंची आकड्यात दिली आहे का, हे बघा. बरीच पत्रं ‘असं डिझाइन करता येईल’ एवढंच म्हणतात, कारण टॉवरचं डिझाइन मंजुरीनंतर होतं. तेव्हा तेच पत्र परवान्याची अट करून घ्यायचं. जाळीदार टॉवरला ही सवलत तितक्या सहज लागू पडत नाही. थंड प्रदेशात वरून सुटणारं बर्फ हा वेगळा मुद्दा आहे, आणि तो मांडायला लोक विसरतात.

अर्जाचा कणा कव्हरेजच्या नकाशांत असतो. एक नकाशा टॉवरशिवाय, एक टॉवरसकट. पहिल्यात पांढरं भगदाड, दुसऱ्यात सगळं हिरवं. रंग कोणत्या पातळीला बदलतो हे खालच्या सूचीत असतं. उणे ९५ डीबीएमला (हे सिग्नलच्या ताकदीचं माप; आकडा जितका जास्त उणे, तितका सिग्नल क्षीण) रेषा ओढली तर भगदाड मोठं दिसतं, उणे १०५ ला ओढली तर तेच आक्रसतं. दुसरी गोष्ट बँडची, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याची. ७०० मेगाहर्ट्झची लहर दूर जाते, १९०० आणि २१०० ची लवकर विरते. भगदाड फक्त वरच्या बँडवर दाखवलं असेल तर खालच्या बँडचा नकाशा मागा. तिसरं, नकाशे १५०, १३०, ११० आणि ९० फुटांवर वेगवेगळे काढून मागा. १५० आणि ११० मध्ये फरक केवळ कडेच्या दोन रस्त्यांचा असेल, तर उंची कमी करण्याचा मुद्दा तुम्हाला वेगळा मांडावा लागत नाही, नकाशाच तो मांडतो. आम्ही पाहिलेल्या सुनावण्यांत उंची कमी झाली ती बहुतेक वेळा या एका मागणीमुळे.

‘माझ्या घरात सिग्नलच्या पाच दांड्या येतात’ याला कोर्टात काही वजन नाही. दांड्यांचं प्रमाण प्रत्येक फोनचं आपलं असतं. फोनच्या फील्ड टेस्ट मोडमध्ये आरएसआरपीचा (सिग्नलच्या ताकदीचा) आकडा दिसतो, तो लिहून ठेवा: पत्ता, वेळ, कॅरिअर, बँड, घराच्या आत की बाहेर. असे पन्नास-साठ नोंदीबद्ध आकडे कंपनीच्या नकाशाशेजारी ठेवले की चर्चा निराळी होते. तरी एक लक्षात ठेवायला हवं. कंपनी म्हणेल की प्रश्न कव्हरेजचा नाही, क्षमतेचा आहे. २०१८ च्या आदेशात एफसीसीने नेटवर्क दाट करणं आणि सेवा सुधारणं यांनाही संरक्षण दिलं, त्यामुळे निव्वळ ‘भगदाड नाही’ म्हणून भागत नाही. मग जवळच्या चालू साइटच्या प्रत्येक सेक्टरचा (अँटेनांच्या एकेका दिशेचा) गर्दीच्या तासांतला भार मागा. तो व्यावसायिक गुपित म्हणून नाकारला गेला, तर नाकारल्याची नोंद रेकॉर्डवर आणा.

हे सगळं वाचू शकणारा माणूस गावाकडे नसतो. बऱ्याच कोडमध्ये गावाने स्वतंत्र रेडिओ सल्लागार नेमावा आणि त्याचा खर्च अर्जदाराने भरलेल्या एस्क्रोमधून (त्यासाठी राखून ठेवलेल्या ठेवीतून) व्हावा, अशी तरतूद आहे. पहिल्याच सुनावणीत ही मागणी करा. तिसऱ्या सुनावणीत केली तर घड्याळ तिच्या आड येतं.

पर्यायी जागांबद्दल कोर्टांचं एकमत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या आणि नवव्या सर्किटमध्ये (फेडरल अपील कोर्टांच्या विभागांत) अर्जदाराला दाखवावं लागतं की त्याचा मार्ग सगळ्यांत कमी उपद्रवाचा आहे. पहिल्या आणि सातव्यात दुसरा व्यवहार्य पर्यायच नाही, हे दाखवावं लागतं. तुमचं राज्य कोणत्या सर्किटमध्ये येतं ते आधी पाहा. कुठेही असलात तरी ‘तिकडे जंगलात उभारा’ हा पर्याय नव्हे. पर्याय म्हणजे भूखंड क्रमांक, समुद्रसपाटीपासूनची उंची, झोन, रस्त्याची सोय, आणि मालक भाड्याने द्यायला तयार असल्याचं पत्र. उच्च दाबाच्या वीजवाहिनीचे मनोरे, पाण्याची टाकी, चर्चचं शिखर, मोठ्या दुकानाचं छप्पर, औद्योगिक भाग या जागा आधी शोधा. अर्जदाराच्या शपथपत्रात ‘मालकाने प्रतिसाद दिला नाही’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा त्या मालकाला स्वतः फोन करा. कधी कधी त्याला पत्र गेलेलंच नसतं. शोधवर्तुळाच्या मैलभर बाहेरची जागा सुचवून मात्र उपयोग नाही. इंजिनिअर एका वाक्यात ती बाद करतो.

अर्जदार टॉवर कंपनी असेल आणि कॅरिअर कोणीच ठरलेला नसेल, तर तो मुद्दा पहिल्या पानावर घ्या. टॉवर कंपनी खांब बांधते आणि भाड्याने देते. सेवा कॅरिअर देतो. ‘सेवेला बंदी’ हा युक्तिवाद कॅरिअरच्या गरजेवर उभा असतो, म्हणून कॅरिअरचं लेखी बांधिलकीपत्र मागायलाच हवं. जागा गावाच्याच मालकीची असेल, म्हणजे अग्निशमन केंद्र किंवा सार्वजनिक कामाचं आवार असेल, तर गाव घरमालक आणि न्यायाधीश दोन्ही होतं. काही गावांत स्वतःच्या जमिनीला झोनिंगमधून सूटही असते. तिथे लढाई भाडेकरार मंजूर करणाऱ्या कौन्सिलच्या बैठकीत होते, प्लॅनिंग बोर्डापुढे पोहोचेपर्यंत ती संपलेली असते.

फुग्याची चाचणी लोकांना गंमत वाटते, पण पुराव्याच्या दृष्टीने तिच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. प्रस्तावित जागेवरून लाल किंवा नारिंगी, तीन-चार फूट व्यासाचा हीलियमचा फुगा टॉवरच्या उंचीइतक्या दोरीवर सोडतात, आणि तो कुठून कुठून दिसतो ते पाहतात. तारीख वर्तमानपत्रात आणि शेजाऱ्यांना आधी कळवलेली हवी, वाऱ्यासाठी पर्यायी तारीखही दिलेली हवी. चाचणी पानगळीनंतर, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये व्हायला हवी. जुलैत केली तर झाडं सगळं झाकतात. वारा हा मोठा शत्रू. दोरी उभ्या रेषेपासून ३० अंश कलली की १५० फुटांचा फुगा १३० फुटांवर येतो, आणि फोटोत टॉवर २० फुटांनी बुटका होतो. म्हणून पहाटेची वेळ मागा, आणि वाऱ्याचा वेग लिहून घ्या. फोटो साधारण ५० मिलिमीटरच्या लेन्सचे हवेत. फोनचा मुख्य कॅमेरा त्याच्या जवळपास दुप्पट रुंद दृश्य पकडतो, त्यामुळे टॉवर काडीसारखा दिसतो. ही चूक कंपनीचे सल्लागार सहसा करत नाहीत. आपले शेजारी हमखास करतात. प्रत्येक फोटोखाली जागा, वेळ, दिशा आणि लेन्स लिहा.

‘टॉवर कुरूप आहे’ हा पुरावा नाही. ‘अमुक रस्त्यावरच्या सात घरांच्या बैठकीच्या खोलीतून झाडांच्या रेषेच्या वर ६० फूट मोनोपोल दिसेल, हे फोटो तीन ते नऊ’, हा पुरावा आहे. घरांच्या किमतींचंही तसंच. इंटरनेटवरचा परक्या राज्यातला अभ्यास कोणी हातात धरत नाही. परवानाधारक अप्रेझरने (मालमत्तेची किंमत काढणाऱ्या तज्ज्ञाने) त्याच भागातल्या विक्रींवरून केलेला अहवाल चालतो, आणि अर्जदारही आपला अप्रेझर आणतोच. पैसे एकाच तज्ज्ञापुरते असतील, तर आमच्या मते ते रेडिओ इंजिनिअरवर घालावेत.

जुनी घरं किंवा ऐतिहासिक वस्ती जवळ असेल, तर १९६६ च्या ऐतिहासिक जतन कायद्याखालचं कलम १०६ चं परीक्षण समांतर चालू असतं. २०० फुटांपर्यंतच्या नव्या टॉवरसाठी दृश्य परिणामाचं क्षेत्र अर्धा मैल धरतात. त्याची जाहिरात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते आणि मतं राज्याच्या ऐतिहासिक जतन कार्यालयाकडेही पाठवता येतात. बोर्डाला जे ऐकता येत नाही, त्यातलं थोडं तिथे ऐकलं जातं.

सुनावणीच्या रात्री तीन मिनिटांत एक मुद्दा, एक कागद. प्रत्येक कागदाला क्रमांक द्यायला सांगा आणि तो इतिवृत्तात आला का ते पुढच्या बैठकीत तपासा. विषय वाटून घ्या: एकाने नकाशे, एकाने फुगा, एकाने सेटबॅक, एकाने पर्याय. चाळीस जणांनी एकच गोष्ट सांगितली तर अध्यक्ष सातव्यालाच आवरतं घ्यायला सांगतात, आणि त्यांचंही चूक नाही. न्यू जर्सीत साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायचा हक्क आक्षेप घेणाऱ्यांना आहे. तो जरूर वापरावा, पण भाषण न करता प्रश्न विचारावा. तिथेच निवासी झोनमध्ये टॉवरला परवानगी नसेल तर ‘डी’ व्हेरियन्स (झोनिंगच्या नियमातून सूट) लागतो, आणि सात जणांच्या बोर्डात त्याला पाच मतं लागतात. सुनावणी एकदा बंद झाली की नवा कागद आत जात नाही. त्यामुळे जे द्यायचं ते त्याआधी, दोन प्रतींत, क्लार्कच्या शिक्क्यासह.

बोर्ड मंजुरीकडे झुकलंय हे दिसलं की विरोध सोडून अटींवर या, आणि ते त्याच रात्री करा. डिझेल जनरेटरची चाचणी आठवड्यातल्या दिवशी आणि दिवसाच; हद्दीवर आवाजाची मर्यादा डेसिबलमध्ये; सदाहरित झाडांची उंची आणि मेलेलं झाड बदलायची जबाबदारी; कुंपणाचा आणि खांबाचा रंग; किमान तीन कॅरिअरची जागा, म्हणजे शेजारी दुसरा टॉवर उभा राहणार नाही; आणि वापर बंद झाल्यावर, समजा, १२ महिन्यांत टॉवर काढण्यासाठी बाँड (खर्चाची आर्थिक हमी). बाँड नसेल तर कंपनी बुडाल्यावर लोखंड जमीनमालकाच्या गळ्यात पडतं.

नकार द्यायचा असेल तर ठराव कसा लिहिला जातो यावर सगळं टिकतं. जॉर्जियातल्या रॉसवेल गावाने १०८ फुटी कृत्रिम पाइनचा टॉवर नाकारला, दोन दिवसांनी कारणांशिवाय पत्र पाठवलं, आणि तपशीलवार इतिवृत्त त्यानंतर २६ दिवसांनी आलं, कोर्टात जायची मुदत संपायला चार दिवस उरले असताना. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कारणं वेगळ्या कागदावर असली तरी चालतात, पण ती नकाराबरोबरच, जवळपास त्याच वेळी मिळायला हवीत. गाव हरलं. म्हणून मतदानाआधीच ठरावाचा मसुदा तयार असावा, आणि प्रत्येक कारणापुढे पुराव्याचा क्रमांक असावा. पुरावा किती लागतो? नुसत्या लवलेशापेक्षा जास्त. पारडं पूर्ण झुकायला हवं असं नाही. ही पायरी तशी फार उंच नाही. रिकाम्या रेकॉर्डवर मात्र तीही चढता येत नाही.

अर्जदाराला फेडरल कोर्टात जायला ३० दिवस असतात. या टप्प्यावर गावाला कोट्यवधींच्या भरपाईची भीती दाखवली जाते. २००५ मध्ये रँचो पालोस व्हर्डेसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की या कलमाखालच्या दाव्याला नागरी हक्कांच्या कायद्याची जोड देऊन नुकसानभरपाई आणि वकिलाची फी वसूल करता येत नाही. कोर्ट बहुधा परवाना द्यायचा आदेश देतं. गावाचा स्वतःच्या वकिलाचा खर्च मात्र खराच, आणि त्यापायी गावं तडजोड करतात. तडजोड बंद दाराआड होते. खटल्यात शेजाऱ्यांना हस्तक्षेप करणारा पक्ष म्हणून उतरायचं असेल तर पहिल्या काही आठवड्यांतच अर्ज करावा. उलट बाजूने, मंजुरीला आव्हान द्यायचं असेल तर राज्याची मुदत बघा. न्यूयॉर्कमध्ये झोनिंग बोर्डाचा निर्णय क्लार्ककडे दाखल झाल्यापासून ३० दिवस, कॅलिफोर्नियात ९०.

पत्रात १५० फुटी खांबाऐवजी ‘स्मॉल सेल’ (कमी उंचीच्या खांबावरचा छोटा अँटेना) असं लिहिलं असेल, तर वरचं बरंचसं लागू होत नाही. ५० फुटांपर्यंतचा खांब, ३ घनफुटांचा अँटेना, बाकी उपकरणं २८ घनफुटांपर्यंत. मुदत जुन्या खांबावर ६० दिवस आणि नव्यावर ९०. २०१८ च्या आदेशानुसार गावाने दर साइटमागे वर्षाला २७० डॉलरपर्यंत शुल्क घेतलं तर ते वाजवी धरलं जातं. सुनावणी बहुधा नसतेच. तिथे उपयोग होतो तो गावाने आधीच छापून ठेवलेल्या दिसण्याच्या नियमांचा: खांबाचा रंग, केबल आतून, घराच्या खिडकीसमोर नको. अर्ज येण्याआधी ते नियम नसतील तर त्या अर्जाला नंतरचे नियम लावता येत नाहीत.

टॉवर उभा राहिल्यावर प्रत्यक्ष बांधकामाची मोजणी मागवा: बुंधा ठरलेल्या जागी आहे का, टोक किती फुटांवर आहे, झाडं लावली का. ठरावाची, अटींची आणि मंजूर नकाशाची प्रत घरात ठेवा. कलम ६४०९ खालचा पुढचा अर्ज कार्यालयातच निकाली निघतो, त्यासाठी शेजाऱ्यांना पत्र येत नाही. क्लार्ककडे दर दोन महिन्यांनी विचारणा करावी लागते.